थंडी वाजत नाही का?

धोतर नेसून हिवाळ्यात घराबाहेर पडणाऱ्या माणसाला एक प्रश्न हटकून विचारला जातो, "थंडी वाजत नाही का?" बेळगावच्या खडेबाजारात तो मराठीत येतो, बसस्थानकावर कानडीत, आणि धनुर्मासाच्या पहाटपूजेला देवळाकडे निघालो की शेजाऱ्यांकडून कोंकणीत. त्यामागोमाग बाकीचेही प्रश्न येतात. नेसायला किती वेळ लागतो? जिना चढताना पायात येत नाही का? भर रस्त्यात सुटले तर? तरुण मुले तर सरळ विचारतात, "आज घरी काही कार्य आहे का?" धोतराचा संबंध लग्न, मुंज आणि श्राद्ध यांपलीकडे त्यांना ठाऊक नाही. आम्ही सर्वांना हसतमुखाने उत्तरे देतो. पाचएक वारांचे सुती वस्त्र, पुढे निऱ्या, मागे कासोटा. सराव असला म्हणजे दोन मिनिटांत नेसून होते. आणि थंडीबद्दल आमचे ठरलेले उत्तर असे, "सवय आहे."

हे उत्तर प्रथम आम्ही दुसऱ्याच्या तोंडी घातले होते. ती हकिकत सांगितल्यावाचून पुढे जाणे बरे नव्हे.

आमचे वडील निपाणीला तंबाखूच्या वखारीत हिशेबनीस होते. पांढरे धोतर, बंद गळ्याचा कोट आणि काळी टोपी हा त्यांचा बारमाही वेष. १९२४ च्या डिसेंबरात बेळगावला महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचे अधिवेशन भरले, तेव्हा ते बारा वर्षांचे होते आणि आमच्या आजोबांबरोबर ते पाहावयास गेले होते. ऐन थंडीत राष्ट्रसभेचा अध्यक्ष पंचा नेसून बसलेला त्यांनी पाहिला, आणि ती आठवण ते जन्मभर सांगत राहिले. हाच वेष करून गांधीजी १९३१ साली बकिंगहॅम राजवाड्यात गेले, हेही ते अभिमानाने सांगत; जणू धोतर नेसणाऱ्या प्रत्येकाला तेथे आमंत्रण होते!

१९६८ च्या जानेवारीत आम्ही बेळगावास शिकत होतो. एके दिवशी सकाळी वडील पहिल्या गाडीने तवंदीचा घाट ओलांडून वसतिगृहावर आले. आईने आमच्यासाठी घोंगडी पाठविली होती. थंडीने त्यांच्या पोटऱ्या पांढऱ्याफटक पडल्या होत्या. खोलीतील एका मित्राने आदरानेच विचारले, "काका, एवढ्या थंडीत धोतर? वाजत नाही का?" वडील काही बोलणार, इतक्यात आम्ही घाईने म्हणालो, "त्यांना सवय आहे." मित्राच्या कडक इस्त्रीच्या पाटलोणीसमोर आम्हांला त्या धोतराची लाज वाटली होती. चहासुद्धा न विचारता आम्ही त्यांना स्थानकावर पोहोचविले. वाटेत त्यांनी परीक्षेची चौकशी केली, दुसरे काही नाही.

दोन महिन्यांनी ते पुन्हा आले, ते पाटलोण घालून. ती उसनी होती हे उघड दिसत होते. कमरेला सैल, घोट्यांवर आखूड. चालताना ते एका हाताने ती सावरीत होते. त्याविषयी आमच्यात कधी शब्द निघाला नाही. १९८४ साली ते गेले. ट्रंकेत नीळ दिलेली पाच धोतरे घडी घालून ठेवलेली मिळाली. ती आम्ही आणली. पण नोकरीत असेतोवर नेसण्याचा धीर झाला नाही. २००९ साली निवृत्त झालो आणि मग नेसू लागलो.

२०१९ च्या डिसेंबरात मुलाकडे एडिंबरोला गेलो. तेथे त्या दिवसांत पावणेचारच्या सुमारास सूर्य मावळतो. सून म्हणाली, "मामा, निदान इथे तरी पँट घाला." आम्ही आतून लोकरी विजार घातली आणि वरून धोतर नेसलो. दहा वर्षांचा नातू बरोबर होता; तो आमच्यापासून तीन पावले अंतर राखून चालत होता. ते अंतर आम्ही ओळखले.

प्रिन्सेस स्ट्रीटवर किल्ट नेसलेले एक वृद्ध गृहस्थ मशकबाजा बगलेत धरून विश्रांती घेत उभे होते. ते आमचे धोतर पाहत होते, आम्ही त्यांचे उघडे गुडघे. प्रश्न दोघांच्याही ओठांवर एकच होता. त्यांनी तो आधी विचारला. नातवाला दुभाषी व्हावे लागले. साधारण आठ वारांचे लोकरी कापड, पुढे सपाट, सर्व निऱ्या मागे, अशी माहिती त्यांनी दिली. १७४६ साली इंग्रज सरकारने कायदा करून हा पोशाख बंद केला होता. पहिल्या अपराधाला सहा महिने कैद, दुसऱ्याला सात वर्षे काळे पाणी. तो कायदा १७८२ साली उठला. सरकारी फौजेतील शिपायांना मात्र तेव्हाही मुभा होती. त्यांच्याच पलटणींबरोबर मशकबाजा हिंदुस्थानात आला आणि आपल्या लष्करात तो आजही वाजतो, ही भर आम्ही घातली. आत काय नेसता, असेही लोक आपणांस विचारतात, असे ते म्हणाले. त्याचे उत्तर त्यांनी आम्हांला दिले नाही. आम्ही मात्र आमच्या लोकरी विजारीची कबुली देऊन टाकली, आणि तिघेही हसलो.

मग आम्ही आमचा प्रश्न विचारला. ते सहज म्हणाले, "कमरेला ऊब असते. गुडघ्यांना मात्र वाजते, फार वाजते."

इतके साधे उत्तर इतक्या वर्षांत आम्हांला सुचले नव्हते. वडील त्या सकाळी काय सांगणार होते, कोण जाणे. आम्ही त्यांना बोलू दिले नव्हते.

बसथांब्यावर बोचरा वारा होता. नातवाने आपल्या मोडक्या कोंकणीत विचारले, "आजो, तुका थंड लागता?"

'सवय आहे' हे शब्द ओठांवर आले होते. ते आम्ही गिळले आणि म्हणालो, "लागता रे. पायांक खूब लागता."

तो काही बोलला नाही. बस येण्यास अजून सात मिनिटे होती. तेवढा वेळ तो वाऱ्याच्या बाजूला, आमच्या पायांशी अगदी खेटून उभा राहिला.