जालन्यात श्वानसोबत शोधताना

कुंडलिकेच्या काठचे जालना मोसंबी, बियाणे आणि पोलाद यांसाठी ओळखले जाते. येथील मोती तलावाकडे सकाळी फिरावयास जाल, तर एखाद्या ज्येष्ठाच्या हाती काठीबरोबर कुत्र्याची साखळीही दिसेल. ही सोबत मनाला उभारी देते, पावलांना चालते ठेवते. मात्र वळण न लागलेल्या कुत्र्याचा एक हिसका खुब्याचे हाड मोडण्यास पुरेसा असतो.

म्हणून पिल्लू निवडण्यापूर्वी विक्रेता पारखावा. २०१८ च्या नियमांनुसार दुकानाला राज्य प्राणी कल्याण मंडळाची नोंदणी आवश्यक आहे; आठ आठवड्यांखालील पिल्लू विकता येत नाही. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो. येथे दाट केसांच्या हस्कीची ऐट सांगणाऱ्यापेक्षा, घरातील ज्येष्ठांचे वय आणि चाल आधी विचारणारा विक्रेता अधिक जाणकार समजावा.

शिकवणाऱ्याचीही हीच कसोटी. मारून शिकवलेले कुत्रे भीतीपोटी चावू शकते. खाऊ देऊन, रोज पाच-दहा मिनिटे, ज्येष्ठांच्याच हाती साखळी देऊन शिकवणारा निवडावा. कारण साखळी शेवटी त्यांनाच धरावयाची असते.

पाळीव, लस दिलेल्या कुत्र्याचाही दात लागल्यास जखम साबण व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. रक्त पातळ करणारी गोळी चालू असल्यास डॉक्टरांना अवश्य सांगावे.

आणि हो, पिल्लूच हवे असे नाही. लसीकरण झालेले, शांत स्वभावाचे प्रौढ देशी कुत्रे उतारवयाला अधिक मानवते.