मुलाखतीतला ‘सायलेंट’ स्वभाव

सानपाड्यात आमच्या सोसायटीत खालच्या मजल्यावर एक मुलगी राहते. मराठी माध्यमात शिकली, बी.कॉम. झाली. ऐरोलीच्या एका कंपनीत कस्टमर केअरच्या नोकरीसाठी ती मुलाखतीला गेली होती. स्वतःबद्दल सांगताना म्हणाली, ‘आय अ‍ॅम अ सायलेंट पर्सन.’ तिला म्हणायचं होतं, माझा स्वभाव शांत आहे, मी पटकन चिडत नाही. समोरच्या बाईंनी विचारलं, इथे दिवसभर फोनवर बोलायचं असतं, जमेल ना? हा प्रश्न मध्येच कुठून आला, ते तिला कळेना. ‘येस मॅडम’ म्हणून ती गप्प बसली. पुढे बोलावणं आलं नाही.

एका शब्दापायी नोकरी गेली असं मी म्हणणार नाही. पण ट्रान्सहार्बर लोकलने परत येताना तिच्या डोक्यात तेच घोळत होतं. संध्याकाळी ती अर्जाची प्रत घेऊन वर आली. बेलापूरला नोकरीत असताना मी इंग्रजी पत्रांचे मसुदे करायचे, हे तिच्या आईला ठाऊक होतं. ‘काकू, सायलेंट म्हटलं तर काय बिघडलं?’

व्याकरणात काहीच बिघडलं नव्हतं. फक्त सायलेंट माणूस म्हणजे तोंडच न उघडणारा. ती म्हणाली, मोबाइलवर ‘शांत’ टाकलं तर सायलेंट, क्वाएट, काम, स्टिल, पीसफुल सगळे एका ओळीत आले, त्यातला एक उचलला. ‘काम’ ती ‘काल्म’ असा वाचत होती. त्यातला ‘एल’ सायलेंट असतो, म्हणजे लिहायचा पण उच्चारायचा नाही, हे सांगितलं. सायलेंटचा अर्थ तिला तिथेच पटला.

मग आम्ही वही घेऊन बसलो. प्रत्येक शब्दापुढे एकच प्रश्न लिहिला: काय थांबलंय?

आवाज अजिबात नाही, तर सायलेंट. आवाज आहे पण कमी, तर क्वाएट. दुपारी आमची आतली गल्ली क्वाएट असते, पाम बीच रस्त्यावरच्या गाड्यांची घरघर मात्र येतच राहते. कमी बोलणारा माणूसही क्वाएट. हालचाल थांबली, तर स्टिल. एक्स-रे काढताना ‘हलू नका’ म्हणतात, ते ‘कीप स्टिल’. भांडण किंवा मारामारी नाही, तर पीसफुल. मोर्चा पीसफुल असतो तेव्हाही घोषणा दणक्यात चालू असतात. मनात खळबळ नाही, तर काम. वाऱ्यालाही हाच शब्द लावतात. वाऱ्याचा जोर सांगणाऱ्या ब्यूफोर्टच्या मोजपट्टीत शून्य म्हणजे ‘काम’, धूर सरळ वर जातो. आतून धडधडत असूनही चेहऱ्यावर दिसू देत नाही, तो कंपोज्ड. सिरीन आणि ट्रँक्विल निसर्गवर्णनात शोभतात, मुलाखतीत नकोत, म्हणून बाजूला ठेवले.

घोळ इंग्रजीत कमी, आपल्या सवयीत जास्त आहे. आपण सगळीकडे ‘शांत’ वापरतो. इस्पितळाबाहेर पाटी असते ‘शांतता क्षेत्र’, तिथे इंग्रजीत सायलेन्स झोन. 2000च्या ध्वनिप्रदूषण नियमांत इस्पितळ, शाळा, न्यायालय यांच्याभोवतीच्या 100 मीटरसाठी हाच शब्द आहे. सणाआधी पोलीस ‘शांतता समिती’ची बैठक घेतात, ती पीस कमिटी. तेंडुलकरांच्या ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ या नाटकाचं इंग्रजी नाव मात्र ‘सायलेन्स’नेच सुरू होतं.

सगळ्यात उपयोगी पडली ती एक बंदी. सरावात ‘शांत’ म्हणायचं नाही, मराठीतच दुसरा शब्द शोधायचा. सुरुवातीला ती अडली. मग रस्ता सामसूम, पाणी संथ, मूल गप्प, रविवार निवांत असं सुचत गेलं. स्वतःबद्दल म्हणाली, ‘कोणी ओरडलं तरी मी डोकं थंड ठेवते.’ ‘स्टे काम’ तिथून तिचं तिलाच सापडलं. ‘कूल’ मैत्रिणींत चालतं, मुलाखतीत नको, असं ठरलं.

एक सावधगिरीही सांगितली. रागावलेल्या गिऱ्हाइकाला ‘काम डाउन’ म्हणायचं नाही. ऐकणाऱ्याला वाटतं, आपल्यालाच दटावतायत. आधी त्याचं म्हणणं ऐकून घ्यायचं, मग काय करता येईल ते सांगायचं.

पुढच्या मुलाखतीत नुसतं विशेषण न सांगता तिने प्रसंग सांगितला. मामाच्या दुकानात दिवाळीच्या गर्दीत बिलावरून एक जण चढ्या आवाजात बोलत होता. तिने बिलातली एकेक ओळ वाचून दाखवली, फरक सापडला, पैसे परत दिले. इंग्रजी मोडकंतोडकंच होतं, पण समोरच्यांनी पुढचा प्रश्न त्याच प्रसंगावर विचारला.

ती नोकरी लागली. पाळी रात्रीची आहे. जायला-यायला कंपनीची गाडी मिळणार का, यावर घरात चर्चा चालू आहे. तिची आई मला विचारत होती, पण त्यातलं मला काही कळत नाही, असं सांगून टाकलं.