मेंडोलिनवाले एकत्र आले तर

वाद्यवृंदात व्हायोलिनवाले रांगेनं बसायचे, तालवाद्यवाले घोळक्यानं, आणि मेंडोलिनवाला एकटा. गिरगावातल्या चाळीच्या गणपतीतला ऑर्केस्ट्रा असो, नाहीतर ताडदेवच्या फेमस स्टुडिओतलं मोठं रेकॉर्डिंग असो, एक मेंडोलिन, फार तर दोन, यापलीकडे सहसा कुणी जात नसे. त्याला कारणही होतं. या वाद्याला आठ तारा, पण दोन-दोनच्या चार जोड्या. जोडीतल्या दोन्ही तारा एकाच सुरात लागल्या तरच तो चमकदार आवाज येतो. त्यातली एक केसभर उतरली की सगळा सूर किनरा होतो. मंडपातल्या दमट हवेत आठ तारा तासभर जागेवर ठेवतानाच घाम फुटायचा. सोळांच्या भानगडीत कोण पडणार? आवाज असा धारदार की एकच वाद्य दहा व्हायोलिनांमधून आरपार ऐकू यायचं. ऑर्केस्ट्राचा चालक म्हणायचा, एक बस झालं.

त्यामुळे झालं असं, की मेंडोलिन वाजवणाऱ्या माणसानं दुसऱ्या मेंडोलिन वाजवणाऱ्याला जवळून क्वचितच पाहिलेलं असायचं. व्हायोलिनवाला शेजाऱ्याच्या गजाकडे बघून सुधारायचा. तबलजींचे तर अड्डेच असत. आम्ही मात्र रेडिओला कान लावून जे हाती लागेल ते उचलायचो, आणि डाव्या हाताचं कुठलं बोट कुठल्या पडद्यावर ठेवायचं हे आपल्या अकलेनं ठरवायचो. माझी करंगळी वर्षानुवर्षं रिकामीच फिरत राहिली, कारण ती वापरायची असते हे सांगणारं कुणी भेटलं नाही.

म्हणून अलीकडे कर्जतजवळच्या एका फार्महाउसवर शनिवार-रविवार जमायचं, आणि जमायचं ते फक्त मेंडोलिनवाल्यांनीच, असा निरोप फोनवर आला तेव्हा मला आधी हसूच आलं. फक्त मेंडोलिनवाले? मग गाणार कोण, ठेका धरणार कोण? तरी गेलो. व्हरांड्यात पाऊल टाकलं तर डझनभराहून जास्त मेंडोलिनं एकाच वेळी किणकिणत होती आणि प्रत्येक जण वेगळंच काहीतरी वाजवत होता. असला गोंगाट आयुष्यात ऐकला नव्हता. फार आनंद झाला.

पूर्वी वाद्य मिळवण्यापासूनच सुरुवात असायची. धोबी तलावला फुर्तादोसच्या काचेतून मेंडोलिन बघायचं आणि चर्नी रोडपर्यंत चालत घरी यायचं, हा आमच्या वेळचा छंद. १८६५ पासूनचं दुकान, आत गोव्याची मंडळी पियानोच्या वह्या चाळत उभी. आत जाऊन किंमत विचारायचीही छाती होत नसे. शेवटी वाद्य यायचं ते कुणाचं तरी जुनं, पोटाला चीर गेलेलं, दोन खुंट्या फिरेनाशा झालेलं. तुटायची ती नेहमी सगळ्यात बारीक तार. ती सुट्टी मिळाली नाही की सतारवाल्याकडून पोलादी तार आणून टोकाला पकडीनं फास वळायचा. पिक म्हणजे साबणाच्या डबीच्या झाकणाचा कातरून घासलेला तिकोनी तुकडा. सूर लावायला शेजारच्या जोशीबाईंची पेटी, तीही त्यांचं दुपारचं जेवण आटोपल्यावर.

कर्जतला प्रत्येक वाद्याच्या डोक्यावर चिमट्यासारखा ट्यूनर बसलेला होता. तार छेडली की हिरवा दिवा; हिरवा नसेल तर खुंटी फिरवा. पुण्याहून आलेल्या संगणकवाल्या मुलानं फोनवर एक जुना म्युझिक पीस लावला, बोटानं त्याची गती निम्म्यावर आणली, सूर तोच ठेवला आणि त्यातली प्रत्येक हरकत मला सुटी करून दाखवली. हीच हरकत पकडण्यासाठी आम्ही बिनाका गीतमालेची वाट बघायचो. बुधवार आला, गाणं लागलं, निम्मा पीस कानात शिरला. उरलेल्यासाठी पुढचा बुधवार, आणि तोवर गाणं यादीतून गेलेलं असायचं. त्या काळच्या कष्टांचं कौतुक करणाऱ्यांतला मी नाही. निम्मे पीस आम्ही चुकीचेच वाजवत होतो. ते पोर पंधरा मिनिटांत बरोबर वाजवतं.

तरीही त्या दोन दिवसांत मला राहून राहून आठवत होते ते आमच्या चाळीतले एक काका. दिवसा रेकॉर्डिंगला जायचे, संध्याकाळी गॅलरीत बनियनवर बसून ट्रेमलो घटवायचे. मेंडोलिनचा सूर छेडला की लगेच विझतो. तो लांबवायचा तर पिक खाली-वर, खाली-वर, इतक्या झपाट्यानं चालवावं लागतं की ऐकणाऱ्याला एकच लांब सूर वाटावा. काका तो मनगटातून काढायचे. कोपर हललं की म्हणायचे, ‘हे सुतारकाम झालं.’ त्या वेळी सबंध गाणं एकदमच रेकॉर्ड व्हायचं. गायक, कोरस, साठ-सत्तर वादक, सगळे एका छपराखाली, आणि शेवटच्या ओळीत कुणाचा एक सूर घसरला तर पुन्हा पहिल्यापासून. काकांच्या वाट्याला त्यात काय असायचं? मुखड्यानंतर दोन बार, दुसऱ्या अंतऱ्याआधी चार. बाकी वेळ मोजत बसायचं. ‘वाजवायचे पैसे कमी, मोजायचे जास्त,’ असं ते म्हणायचे. पण ते दोन बार आले की त्या माणसाच्या हातून असं काही निघायचं की आज पन्नास वर्षांनी लोक गाण्याचे शब्द विसरतात आणि तो पीस गुणगुणतात.

या कामात गोव्याची मंडळी फार पुढे होती. तिथल्या चर्चच्या शाळांमध्ये लहानपणीच स्वरलिपी वाचायला शिकवत, आणि मेंडोलिनच्या तारा लागतात त्या व्हायोलिनसारख्याच, जी-डी-ए-ई. त्यामुळे व्हायोलिन येणारा गोवेकर मेंडोलिनला कधी अडला नाही. सेबॅस्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस अशा अरेंजरांनी लिहिलेला पार्ट समोर ठेवला की ही माणसं पहिल्याच वाचनात वाजवत. आमचे काका सारेगम लिहून घेत, आणि मग पाठ करत.

ज्यांचं नाव काका कानाच्या पाळीला हात लावून घेत ते सज्जाद हुसेन. ‘संगदिल’ (१९५२) आणि ‘रुस्तम सोहराब’ (१९६३) या चित्रपटांचे संगीतकार म्हणून लोक त्यांना ओळखतात, आणि त्यांच्या रागीट स्वभावाचे किस्से तर गाण्यांपेक्षा जास्त सांगितले जातात. पण मेंडोलिनवर राग वाजवणारा माणूस म्हणून ते वादकांमध्ये दबदबा राखून होते. पडद्यांच्या या छोट्याशा वाद्यावर मींड काढायची म्हणजे वाद्याच्या स्वभावाविरुद्ध जायचं. सज्जाद ती काढत. दुसरं नाव लक्ष्मीकांत कुडाळकरांचं. प्यारेलालांबरोबर १९६३ च्या ‘पारसमणी’पासून ते संगीतकार म्हणून गाजले हे सगळ्यांना ठाऊक आहे, पण त्याआधी ते मेंडोलिनवालेच होते. कुलाब्याच्या रेडिओ क्लबमधल्या कार्यक्रमात मेंडोलिन घेऊन बसलेला हा पोरगा लता मंगेशकरांच्या नजरेत भरला आणि तिथून त्याची वाट मोकळी झाली, ही गोष्ट चाळीतल्या प्रत्येक आईनं आपल्या मुलाला एकदा तरी ऐकवलेली असायची. किशोर देसाई सरोदही वाजवत आणि मेंडोलिनही. त्यांचा हात ओळखू यायला लागला की आपण कान तयार झालेल्यांत मोडतो, अशी आमची समजूत.

मग ट्रॅक आले, एकेकट्यानं येऊन वाजवून जायची पद्धत आली, आणि की-बोर्डवर मेंडोलिनचा आवाज काढणारं बटण आलं. ते बटण दाबून निघणारा आवाज मेंडोलिनसारखा नव्हता, पण स्वस्त होता. गंमत बघा, १९९५ मध्ये ‘दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे’त शाहरुख खानच्या हातात मेंडोलिन दिसलं आणि साऱ्या देशाला हे वाद्य कळलं, तोवर आमच्या काकांसारख्यांच्या हातचं काम बरंचसं गेलेलं होतं. काकांनी वाद्य पिशवीत घातलं ते पुन्हा काढलं नाही.

दक्षिणेत मात्र उलटीच गोष्ट घडत होती. आंध्रातल्या पालकोल्लूचा उप्पलपू श्रीनिवास हा मुलगा विजेवरच्या मेंडोलिनवर कर्नाटक संगीत वाजवू लागला. त्यानं तारांच्या जोड्याच काढून टाकल्या, पाच सुट्या तारा ठेवल्या, आणि गमकं अशी काढली की कर्मठ मंडळींची तोंडं बंद झाली. १९८३ मध्ये बर्लिनच्या जाझ महोत्सवात वाजवलं तेव्हा तो अजून शाळकरी वयाचा होता. २०१४ मध्ये अवघ्या पंचेचाळीसाव्या वर्षी तो गेला. कर्जतच्या घोळक्यात तिशीच्या आतल्या कुणालाही विचारा, मेंडोलिनकडे कसे वळलात, तर उत्तरात श्रीनिवास असतोच. आमच्या पिढीनं हे वाद्य साथीचं मानलं; या पोरांनी ते पहिल्यापासून मुख्य वाद्य म्हणूनच ऐकलं. हा फरक मोठा आहे आणि तो त्यांच्या बसण्यातही दिसतो.

नाशिकहून आलेल्या एका मुलीनं ब्लूग्रास वाजवलं. अमेरिकेतल्या केंटकीच्या बिल मन्रोचं हे संगीत. त्यात ढोल-ताशा काही नसतं, म्हणून मेंडोलिनवालाच प्रत्येक दुसऱ्या मात्रेवर तारा छेडून त्या लगेच हातानं दाबतो आणि ‘चक्’ असा आवाज काढतो. त्याला चॉप म्हणतात. ठेका धरणार कोण, या माझ्या प्रश्नाचं उत्तर असं मिळालं. न्यू जर्सीहून सुट्टीवर आलेल्या एका इंजिनिअरनं मन्रोच्या १९२३ सालच्या गिब्सन एफ-५ ची नक्कल आणली होती, खांद्यापाशी लाकडाची गुंडाळी असलेली. सगळ्यांनी ती आळीपाळीनं मांडीवर घेतली. मीही घेतली. आवाज खणखणीत, पण माझ्या पोटाला चीर गेलेल्या डब्यावर मी जितका मऊ सूर काढतो तितका तिच्यावर निघाला नाही. हे मी तिथे बोललो नाही.

रविवारी सकाळी मिसळ झाल्यावर ठरलं की सगळ्यांनी मिळून एक चाल वाजवायची. शंभरेक वर्षांपूर्वी युरोप-अमेरिकेत नुसत्या मेंडोलिनांचे वाद्यवृंद गावोगाव होते. त्यात मोठ्या अंगाचे मँडोला आणि मँडोचेलो खालचे सूर सांभाळत. आपल्याकडे तो प्रकार रुजला नाही, म्हटलं बघू या. पण सुरुवात झाली आणि सगळेच्या सगळे मुख्य चाल वाजवू लागले. खालचा सूर धरायला एकही तयार नाही. थांबायला तर कुणीच नाही. अंतरा संपला तरी हरकती चालूच. प्रत्येकाचा हात माझ्या वेळच्या कुणाहीपेक्षा तयार, ट्यूनरचा दिवा प्रत्येकाचा हिरवा, आणि एकत्र ऐकलं तर बाजार.

मडगावहून आलेले एक म्हातारे अंकल इतका वेळ कोपऱ्यात कोकणी मांडोच्या चाली गुणगुणत बसले होते. ते उठले, सगळ्यांचे चार गट केले आणि फक्कड मराठी-कोकणीत दम दिला, ‘तुका सांगीन तेव्हाच वाजवायचं. तोवर मोजायचं.’ पहिल्या गटानं आठ बार, मग दुसऱ्यानं खालचा सूर, तिसऱ्यानं नुसता चॉप. चौथ्या गटाला, म्हणजे मला आणि पुण्याच्या त्या मुलाला, चोवीस बार मोजून दोनच बार वाजवायचे होते. पोरगा सुरुवातीला चुळबुळला. दोनदा घुसला, दोनदा ओरडा खाल्ला. तिसऱ्या खेपेला थांबला, आणि त्याचे ते दोन बार असे आले की अंकलनी नुसती भुवई उडवली.

माझं मत विचाराल तर आजचा मेंडोलिनवाला आमच्यापेक्षा सगळ्या बाबतीत सुखी आहे आणि बहुतेक बाबतीत चांगला आहे. त्याला सोबत मिळाली, गुरू फोनवर मिळाले, करंगळी वापरायला मिळाली. फक्त गप्प बसायला त्याला कुणी शिकवत नाही, कारण ते आम्हाला स्टुडिओ आणि मंडप शिकवत होते, आणि त्यातला स्टुडिओ तर आता राहिला नाही. जे शिकवू शकतात ती माणसं अजून आहेत, पण सत्तरी-ऐंशीची, डोंबिवली-विरारच्या फ्लॅटमध्ये, आणि कुणी बोलावत नाही म्हणून घरीच बसलेली.

तेव्हा वाचकांना एक विनंती. तुमच्या इमारतीत, नात्यात, गावाकडे असा कुणी जुना वादक असेल तर त्याला पुढच्या खेपेला आमच्याकडे पाठवा. न्यायला-आणायला गाडी येईल. आणि घरच्या माळ्यावर एखादं मेंडोलिन पडलं असेल तर भंगारवाल्याला देऊ नका. आधी आठही तारा ढिल्या करा, नाहीतर त्यांच्या ताणानं मान वाकते. मग कोरड्या फडक्यानं पुसून उन्हापासून लांब ठेवा. पावसाळा संपला की आम्ही पुन्हा जमतोय. वाद्य नसलेली दोन-तीन मुलं आताच यादीत आहेत.