आई, पाचवा कुठे गेला?

"आई, विष्णूच्या देवळात आपण कशाला जायचं? आपल्या बावीस प्रतिज्ञा आहेत ना?"

अंकोरवाटच्या दारात, भर गर्दीत, माझ्या धाकट्याने मला हा प्रश्न विचारला. वय पंधरा, इयत्ता नववी. या वयातली मुलं आईबापाला गप्प करायला टपलेलीच असतात. पण त्याचा प्रश्न खोटा नव्हता.

मी महापालिकेच्या रुग्णालयात आया आहे. भिशीचे पैसे आणि फंडातली थोडी रक्कम काढून, विहारातल्या उपासक-उपासिकांबरोबर आम्ही मायलेक दिवाळीच्या सुट्टीत कंबोडियाला गेलो होतो. देवळं बघायची म्हटल्यावर माझाही पाय जरा अडखळलाच. माझी आई लहानपणी गावच्या मारुतीच्या पायरीला कधी शिवली नाही. लांब पाराखाली उभं राहायचं, तिथूनच परतायचं. 1956 साली धम्म घेतला आणि तो पारही सुटला.

मी मुलाला म्हटलं, "बाळा, 1930 साली बाबासाहेबांनी नाशिकला काळाराम मंदिराचा सत्याग्रह केला, तो देव पाहिजे म्हणून नव्हे. माणूस म्हणून हक्क पाहिजे म्हणून. आपल्याला हात जोडायचे नाहीत. डोळे उघडे ठेवून बघायचं."

दारावर तिकीट तपासलं. माणशी 37 डॉलर! जात कोणी विचारली नाही. मधल्या उंच शिखराकडे जाताना मात्र आडवी आली ती पोराची हाफ पँट. तिथे खांदे आणि गुडघे झाकलेले लागतात. पिशवीतली फुलपँट चढवली तेव्हा वर सोडलं.

हे मंदिर बाराव्या शतकात राजा दुसरा सूर्यवर्मन याने विष्णूसाठी बांधलं. पुढे ते बुद्धाचं झालं. आज आत बुद्धमूर्ती आहेत, भिक्खू येतात-जातात. पश्चिमेच्या दारात आठ हातांचा विष्णू अजून उभा आहे, पण त्याच्या अंगावर पिवळं वस्त्र! पोरगा हसून म्हणाला, "आई, यानेच दीक्षा घेतली वाटतं."

दगडांना जागोजागी गोल भोकं आहेत. कुलेन डोंगरातून आणलेले दगड उचलण्यासाठी ती पाडलेली, असं वाटाड्याने सांगितलं. पोराने एका भोकात बोट घातलं आणि विचारलं, "उचलले कोणी?" राजाचं नाव सगळ्यांना ठाऊक आहे. उचलणाऱ्यांचं नाव कोणी सांगू शकलं नाही.

दुसऱ्या दिवशी बायोन पाहिलं. ते सातव्या जयवर्मनचं. हा राजा 1181 साली गादीवर आला, तो बौद्ध होता. बायोनच्या बाहेरच्या भिंतींवर लढाया आहेत, पण त्याबरोबर बाजार मांडून बसलेल्या बाया, स्वयंपाक करणारी माणसं, कोंबड्यांची झुंजही आहे. एका जागी बाळंत होणारी बाई दिसली आणि मी थबकले. माझं रोजचं काम आठशे वर्षांपूर्वी कोणीतरी दगडात कोरून ठेवलं होतं.

त्याच राजाने 102 रुग्णालयं चालवली, असं ता प्रोह्म मंदिराच्या 1186 सालच्या शिलालेखात आहे. ता केओजवळ अशा एका रुग्णालयाचं छोटं देऊळ शिल्लक आहे. रुग्णालय लाकडी होतं, ते गेलं. इथे भैषज्यगुरू बुद्धाला मानायचे. वाटाड्या म्हणाला, "रुग्णालयांच्या लेखात लिहिलंय, चारही वर्णांच्या लोकांवर इथे उपचार व्हावेत." माझी छाती फुगली. मी पोराकडे पाहिलं.

तो म्हणाला, "चारच? आई, मग पाचवा कुठे गेला?"

मला उत्तर सुचेना. वाटाड्यानेच सांगितलं. 1296 साली चौ ता-क्वान नावाचा चिनी माणूस इथे आला होता. त्याने लिहून ठेवलंय की डोंगरातल्या लोकांना पकडून गुलाम करत, आणि त्यांनी घराच्या खालीच बसायचं, खालीच झोपायचं.

मी त्या देवळाच्या पायरीवर बसले. इतकी वर्षं मुलाला जे सांगितलं नव्हतं ते सांगितलं. आमच्या वॉर्डात अजूनही एखादी पेशंट माझं आडनाव विचारते आणि मग माझ्या हातचं पाणी नको म्हणते. मी भांडं ठेवून पुढच्या खाटेकडे जाते.

पोरगा बराच वेळ बोलला नाही. मग माझ्या हातातली बाटली घेतली, तोंड लावून पाणी प्यायला आणि म्हणाला, "तू पुढच्या खाटेकडे जाऊ नकोस. तिला कारण विचार."

बंधू-भगिनींनो, राजा चांगला असला म्हणून राज्यात सगळं चांगलं होतं असं नाही. 102 रुग्णालयं खरी, आणि घराखाली झोपणारी माणसंही खरी. लेण्या असोत वा परदेशातली मंदिरं, जमेल तेव्हा मुलांना घेऊन जा. नुसते फोटो काढून परतू नका. त्यांना प्रश्न विचारू द्या. उत्तर आलं नाही तरी चालेल, पण त्यांना गप्प बसवू नका.

परतल्यावर पंधरा दिवसांतच एका पेशंटने माझं आडनाव विचारलं. मी सांगितलं, आणि विचारलं, "का हो ताई?" ती खाली बघत राहिली. मग तिने पाणी घेतलं.

जयभीम!