चाकोरीतली गाडी

जिवतीच्या डोंगरावर पावसाळ्यात बंडी हाकणाऱ्याला चाकोरी म्हणजे काय, हे सांगावे लागत नाही. चिखलात चाक एकदा उतरले की बंडी त्याच वाटेने जाते. तरी समोर दगड आला तर कासरा ओढून ती बाहेर काढता येते. चाकोरीबाहेर कधीच न निघणारी गाडी मी पाहिली ती कोलकात्यात. ती म्हणजे ट्राम.

२०२३ च्या हिवाळ्यात मुलाच्या परीक्षेसाठी तिकडे जाणे झाले. गरियाहाटहून एस्प्लनेडला ट्रामने निघालो. रस्त्यातच, डांबराच्या पातळीला बसवलेले लोखंडी रूळ आणि वर विजेची तार. ना धूर, ना डिझेलचा वास; तिकीटही स्वस्त. मोठी छान वाटली गाडी. पण थोडे पुढे गेलो तर रुळावर एक टेम्पो उभा आणि पोती उतरवणे चालू! चालकाने घंटा वाजवली, पुन्हा वाजवली. बाजूने बस गेल्या, मोटारी गेल्या. ट्राम मात्र जागच्या जागी, आणि तिच्यामागे आलेली दुसरी ट्रामही. उतरावे तर रस्त्याच्या मधोमध, दोन्हीकडून गाड्या. शेजारचा प्रवासी वैतागून म्हणाला, "ट्राम फार संथ आहे हो!"

आपल्या मुंबईतही ट्राम होती. ९ मे १८७४ रोजी ती सुरू झाली तेव्हा घोडे ओढत. शेकडो घोड्यांची वैरण, पाणी, तबेला सांभाळणे काय असते, हे जनावरे पाळणाऱ्याला सांगायला नको. ७ मे १९०७ पासून ती विजेवर धावू लागली. १५ जुलै १९२६ ला बस आली. बसला रूळ नको, तार नको. वाट अडली तर वळून जाते. पुढे मोटारी वाढल्या, रस्ते भरले आणि ट्रामची अडचण वाटू लागली. एकेक मार्ग बंद होत गेला. ३१ मार्च १९६४ च्या रात्री बोरीबंदरहून दादरला शेवटची ट्राम गेली. निरोप द्यायला लोक दुतर्फा उभे होते. दादर टी.टी. हे नाव तेवढे मागे उरले. त्यातला दुसरा 'टी' ट्रामच्या शेवटच्या स्थानकाचा.

कोलकात्यातही तेच घडते आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये तिथल्या सरकारने एस्प्लनेड ते मैदान एवढाच मार्ग वारसा म्हणून ठेवून बाकी ट्राम बंद करण्याचे जाहीर केले. कारण दिले वाहतुकीच्या कोंडीचे. वाद उच्च न्यायालयातही गेला आहे. उलट ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्न शहरात सुमारे २५० किलोमीटर मार्गावर ट्राम आजही धावते. तिथे बऱ्याच ठिकाणी तिची वाट मोटारींपासून राखून ठेवली आहे.

ही हकिकत मी इकडे एका पाड्यावर कापसाच्या बैठकीनंतर सांगितली. एक म्हातारे बाबा ऐकत होते. म्हणाले, "साहेब, तो टेम्पो काऊन नाई हटवला? बंडीचा काय दोष? वाटेत खाट कोनं टाकली, ते पाहा ना!"

मी काय बोलणार? टेम्पोवाल्याला कोणी बोलले नव्हते. बोल लागला तो ट्रामला.

मंडळी, आपल्याकडे रूळ नाहीत, पण घाट चढून येणाऱ्या एसटीलाही वाट एकच असते. बाजाराच्या दिवशी आपण त्या वाटेवर मोटारसायकली लावतो, मालाचे ढीग मांडतो, आणि गाडी उशिरा आली की तिलाच नावे ठेवतो. मग माणसे काळीपिवळी धरतात, एसटी रिकामी धावते आणि एक दिवस फेरीच बंद होते. त्या दिवशी शाळेची पोरगी आणि दवाखान्याला निघालेली म्हातारी रस्त्यावर उभी राहते. मुंबईचे रूळ उखडले ते परत बसले नाहीत. तेव्हा पुढच्या बाजाराला एवढे करा, गाडीची वाट तेवढी मोकळी ठेवा.