मोड वन की मोड टू?

दुकानदाराने विचारलं, "मोड वन देऊ की मोड टू?" आणि मी एका क्षणात "टू" म्हणून मोकळा झालो. का? तर वन म्हणजे जुनं आणि टू म्हणजे नवीन! बारा वर्षं सॉफ्टवेअरमध्ये काढली की माणसाचं असंच होतं. ज्याच्या व्हर्जनचा आकडा मोठा तो माल सुधारलेला, बस्स.

घरी आल्यावर कळलं की इथे व्हर्जनचा काही संबंधच नाही.

तर मंडळी, ज्यांनी कधी रेडिओवरचं विमान उडवलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. ट्रान्समीटरवर दोन स्टिक असतात. प्रत्येक स्टिक वर-खाली हलते आणि डावी-उजवीकडे हलते, म्हणजे हालचाली एकूण चार. आणि विमानाला सांगायच्या गोष्टीही चारच: मोटर किती जोरात फिरव (थ्रॉटल), नाक वर कर की खाली (एलेव्हेटर), कुठल्या अंगाला कल (एलेरॉन) आणि नाक डावीकडे वळव की उजवीकडे (रडर). कुठली गोष्ट कुठल्या हाताला द्यायची, एवढाच काय तो प्रश्न. मोड टूमध्ये थ्रॉटल डाव्या हातात आणि एलेव्हेटर उजव्या हातात. मोड वनमध्ये नेमकं उलटं. रडर दोन्हींत डावीकडे, एलेरॉन दोन्हींत उजवीकडे. (मोड थ्री आणि फोरसुद्धा असतात. थ्री म्हणजे टूचा आरसा, फोर म्हणजे वनचा. तसा उडवणारा प्राणी मला अजून भेटायचाय.)

मोड टूवाले म्हणतात, खऱ्या विमानातल्या जॉयस्टिकसारखं नाक आणि कल एकाच हातात हवं. मोड वनवाले म्हणतात, छे! एकाच अंगठ्यावर दोन्ही कामं दिली की एक करताना दुसरं चुकून होतं, म्हणून हात वेगळे हवेत. दोघांचंही बरोबर आहे. अमेरिकेत बहुतेक सगळे टू, जपानमध्ये वन. आपल्याकडे आता दुकानात मिळतो तो बहुतेक टू.

आणि इथे एन्ट्री होते आमच्या मामाची.

मामा पिंपरीच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये होता. १९८७ साली त्याच्या एका साहेबांनी जपानहून येताना त्याच्यासाठी रेडिओ सेट आणला. अर्थातच मोड वन. शिकवायला कोणी नाही, सिम्युलेटर नाही. बाल्साची विमानं करायची, पाडायची, परत जोडायची, असं करत मामा शिकला. रिटायर होऊन फलटणजवळ गावी गेला तरी छंद सुटला नाही. पुढे २.४ गिगाहर्ट्झचा नवा सेट घेतला. तो टू निघाला, तर पहिल्याच संध्याकाळी मामाने त्याची पाठ उघडली. थ्रॉटलच्या स्टिकला स्प्रिंग नसते, जिथे ठेवाल तिथे राहते आणि सरकवताना कटकट लागते. एलेव्हेटरची स्टिक मात्र सोडली की मध्ये येते. तेव्हा ती बारकी स्प्रिंग आणि कटकटीची पट्टी या बाजूची त्या बाजूला करायची, मग मेनूत जाऊन मोड बदलायचा. टूलरूमवाल्याला काय, चहा गार व्हायच्या आत काम झालं.

मी माझ्या थर्माकोलच्या विमानावर सहा महिने घासून जरा आत्मविश्वास कमावला आणि २०२३च्या डिसेंबरात जेजुरी, नीरा, लोणंद करत फलटण गाठलं. माळावर मामाचं पिवळं बाल्साचं विमान. वर पंख असलेलं, अख्खा पावसाळा खपून केलेलं. मामाने ते वर नेलं, अर्ध्या थ्रॉटलवर सरळ करून ट्रान्समीटर माझ्या हातात दिला. "मोड वन आहे हं, लक्षात ठेव."

"हो रे मामा, माहितेय मला."

माहिती असणं आणि अंगठ्याला माहिती असणं यात केवढा फरक आहे ते पुढच्या मिनिटात कळलं. आधी सगळं मस्त चाललं होतं, कारण वळवायची स्टिक दोन्ही मोडमध्ये उजवीकडेच! त्यानेच घात केला. एका वळणावर विमान जरा खाली आलं. नाक उचलायला मी सवयीने उजवी स्टिक मागे ओढली. मोड वनमध्ये ती थ्रॉटलची, म्हणजे मोटर बंद. विमान अजून खाली. मी अजून ओढली. मग वाटलं पॉवर कमी पडतेय, म्हणून डावी स्टिक सणसणीत पुढे ढकलली. मोड वनमध्ये ती एलेव्हेटर. पुढे ढकलली की नाक खाली.

बाकी सांगायला नको. आवाज लहानसाच आला.

मामा काही बोलला नाही. तुकडे गोळा केले, बॅटरी आधी काढली, आणि मला म्हणाला, "भूक लागली असेल. चल." तो ओरडला असता तर बरं झालं असतं.

दोन महिन्यांनी त्याचा फोन. "विमान जोडलंय. सेटपण टू करून ठेवलाय तुझ्यासाठी. येशील तेव्हा दोन्ही घेऊन जा."

"आणि तू?"

"मला आता लांब गेलं की कळत नाही रे, येतंय की जातंय ते. डोळ्यांचं काम. उगाच कोणाच्या डोक्यात घालायचं."

मी जाऊन खोकं घेऊन आलो आणि ते महिनाभर बेडरूममध्ये पडून राहिलं. ट्रान्समीटर हातात घेतला की सगळं माझ्या सवयीचं, स्प्रिंग नेमकी बसवलेली. आणि मला एकच दिसायचं, की ज्या माणसाने पस्तीस-छत्तीस वर्षं एकाच पद्धतीने हात चालवले त्याने स्क्रू-ड्रायव्हर घेऊन आपल्या हाताने आपलाच रस्ता बंद केला होता. तोही माझ्यासाठी, मी त्याचं विमान पाडल्यावर.

मग ठरवलं, आपणच मोड वन शिकायचा. पंधरा दिवस सिम्युलेटरवर बसलो. निष्पन्न काय, तर मोड वन आला नाही आणि मोड टूसुद्धा बिघडला. शेवटी डोक्यात प्रकाश पडला तो ट्रेनर केबलमुळे. शिकवणारा आणि शिकाऊ यांचे दोन ट्रान्समीटर वायरने जोडतात. गुरूच्या सेटवर एक स्विच असतो: दाबून धरला तोवर ताबा शिकाऊकडे, सोडला की गुरूकडे. आणि गंमत ही की वायरमधून स्टिक जात नाहीत, चॅनेल जातात. एलेव्हेटर कुठल्या अंगठ्याने हलवलं याच्याशी पलीकडच्या सेटला देणंघेणं नाही. आमच्या भाषेत इंटरफेस एक, इंप्लिमेंटेशन दोन. रोज ऑफिसात जे करतो ते इथे सुचायला तीन महिने लागले... असो.

चॅनेलचा क्रम मात्र दोन्ही सेटवर एकच हवा. माझा आणि मामाचा सेट एकाच कंपनीचा, त्यामुळे तो प्रश्न नव्हता. मामाचा सेट उघडून मी परत मोड वन केला. मला चहा गार व्हायच्या आत वगैरे जमलं नाही. स्प्रिंग उडून कपाटाखाली गेली, ती शोधण्यातच शनिवार गेला.

माळावर केबल जोडताना मामाने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "म्हणजे गधड्या, मी शिकाऊ?"

"फक्त वायरपुरता."

मी टेकऑफ केला, वर नेलं, दोघांचे थ्रॉटल एकाच जागी असल्याची खात्री केली (नाहीतर ताबा देताना गचका बसतो) आणि स्विच दाबून धरला. पिवळं विमान एकदम शहाण्यासारखं उडायला लागलं. लांब गेलं की मामा म्हणायचा "घे", मी स्विच सोडून डोक्यावर आणायचो, मग परत "दे". असं सात-आठ वेळा. एकदा त्याने लूपपण मारला, न सांगता.

उतरवलं मी. जरा उशिरा खेचलं, नाक टेकलं आणि प्रॉपेलर तुटला.

"शिकाऊने उतरवलं असतं तर वाचला असता," मामा म्हणाला, आणि खिशातून दुसरा प्रॉपेलर काढला.