कोंडलेली मन्नो

आमच्या रत्नागिरीकडे जुलैचा पाऊस चार-चार दिवस उसंत देत नाही. शाळेला सुट्टी आणि मन्नोही घरात अडकलेली. पहिल्या दिवशी तिने पडदा फाडला, दुसऱ्या दिवशी अम्मींच्या पायाला ओरबाडलं. अम्मींना शुगर! जखम साबणाने धुऊन त्यांना डॉक्टरांकडे नेलं आणि परत येऊन रागाने मन्नोला बाथरूममध्ये कोंडलं. तिचं ओरडणं ऐकताना मांजर बांधून उपाशी ठेवणाऱ्या बाईची हदीस आठवली. मन्नोला मी खायला घातलं होतं, तरी उठून दार उघडलं.

संध्याकाळी धाकट्याने सुतळीला चिंधी बांधून ती फरशीवरून ओढली. मन्नो दबा धरून बसली आणि झेपावली. तिला शिकार हवी होती, एवढंच! आता मगरिबनंतर दहा मिनिटं हाच खेळ. शेवटी चिंधी तिच्या तावडीत द्यायची आणि लगेच जेवण, की ती मुकाट झोपते. सुतळी मात्र मी आठवणीने कपाटात ठेवते. दोरा गिळला तर आतड्यात अडकून मांजराच्या जिवावर बेततं.

हल्ली अम्मीच पलंगावर पाय वर घेऊन चिंधी हलवतात. "पाय सांभाळा," म्हटलं तर ऐकत नाहीत.